शिखर शिंगणापूर

शिखर शिंगणापूर हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एक खडकाळ डोंगरशिखर, त्याच्या कुशीत वसलेले गाव व शंभू महादेवाचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,०५० मी. असून सातारा व सोलापूर जिल्ह्यांची हद्द त्याच्या अगदी जवळून जाते. उत्तरेकडील व पूर्वेकडील उतार सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात उतरतात. नातेपुते, माळशिरस, अकलूज, श्रीपूर या पट्ट्यातील लोक या डोंगराला नुसते ‘शिखर’ किंवा ‘महादेवाचा डोंगर’ म्हणतात. सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेल्या ज्या डोंगररांगेला शंभू महादेव डोंगररांग असे नाव आहे, ते नाव याच दैवतावरून पडले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनी शिंगणापूर आणि कोल्हापूरजवळचे शिंगणापूर ही गावे निराळी आहेत. नामसाम्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणूनही ‘शिखर’ हे पद गावाच्या नावाला कायमचे चिकटले असावे.

नाव

देवगिरीच्या यादव घराण्यातील राजा सिंघण (राज्यकाल सुमारे १२१०–१२४७) याने हे गाव वसवले व त्याच्यावरून सिंघणापूर, पुढे शिंगणापूर असे नाव रूढ झाले, अशी परंपरा आहे. दैवताचे नाव शंभू महादेव. लोकगीतांत व ओव्यांत ‘शिखरीचा महादेव’, ‘शिखराचा राजा’ असे उल्लेख येतात. पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात, मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात अनेक कुळांचा हा कुलस्वामी आहे. छत्रपतींच्या भोसले घराण्याचेही हे कुलदैवत मानले जाते.

स्थान व भूरचना

महाराष्ट्रात सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेल्या तीन प्रमुख डोंगररांगा सांगितल्या जातात. सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेव. त्यांतील ही सर्वांत दक्षिणेची. महाबळेश्वरच्या उत्तरेस सह्याद्रीपासून सुटलेली ही रांग पूर्व-आग्नेय दिशेने सातारा जिल्हा ओलांडून सोलापूर व सांगली जिल्ह्यांत जाते. ढोबळ मानाने ती भीमा व कृष्णा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक समजली जाते. मात्र शिंगणापूर ज्या फाट्यावर आहे, त्याचे काम थोडे वेगळे आहे. त्याच्या उत्तरेला उतरणारे पाणी नीरेला मिळते, दक्षिणेला उतरणारे माण नदीला. या दोन्ही नद्या पुढे भीमेलाच मिळतात. नीरा इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूरजवळ, तर माण पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर शेजारीशेजारी पडलेले दोन थेंब दोन खोऱ्यांतून फिरून अखेर एकाच नदीत येतात, पण वाटेत त्यांचे जे होते त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक निसर्गाने थोडा आणि माणसाने फार, असा घडवला आहे.

खडक दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारा बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुन्हापुन्हा बाहेर येऊन थरांवर थर साचले. काही थर घट्ट व कठीण, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी सच्छिद्र. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर टिकून राहतो. त्यामुळे डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांची दिसते. मध्ये उभा कडा, त्याखाली मुरमाड उतार, पुन्हा कडा. माथे टोकदार नसून बहुधा सपाट असतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या, भाजलेल्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. दोन उद्रेकांच्या दरम्यान उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची ती माती होय.

या रचनेचा पाण्याशी थेट संबंध आहे. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते केवळ भेगांतून व सच्छिद्र थरांतून सरकते आणि खाली अभेद्य थर लागला की डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. या डोंगरातील टाकी, कुंडे आणि जिवंत पाण्याच्या जागा अशाच सांध्यांवर आहेत. शिंगणापूरजवळच्या दरीतील गुप्तलिंग हे स्थान त्याचे चांगले उदाहरण होय. भोवतालचा माळ उन्हाळ्यात भाजून निघाला असतानाही या घळीत झाडांची गर्द सावली व पाण्याची धार आढळते.

शिखराच्या उत्तरेला नीरेकाठचा सपाट मुलूख सुमारे ५०० मी. उंचीवर आहे. त्यामुळे माळशिरस तालुक्याच्या बाजूने पाहताना डोंगर मोठा व सरळसोट भासतो. दक्षिणेकडे माणदेशाचे पठार मुळातच उंच असल्याने त्या बाजूने तोच डोंगर बुटका वाटतो. रात्री देवळावरचा दिवा नीरेच्या खोऱ्यातून कोसावरून दिसतो, असे जुने लोक सांगतात, ते या उत्तरेकडच्या सरळ उठावामुळे. याच बाजूस कोथळे गावाकडून वर येणारी चढणीची वाट म्हणजे मुंगी घाट.

पाऊस

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सुमारे ६,००० मिमी पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिमीच्या आसपास, बऱ्याच वर्षी त्याहूनही कमी असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर बहुतेक बाष्प टाकून पुढे येतात आणि हा सारा प्रदेश पर्जन्यछायेत सापडतो. जून-जुलैत येथे ढग दिसतात, वारा सुटतो, पण पाऊस बेभरवशाचा. खरा आधार असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचा. म्हणूनच येथील शेती परंपरेने रब्बीची आहे. ज्वारी, करडई, हरभरा ही त्यातली पिके. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा. उत्तरा-हस्ताचा पाऊस चुकला तर वर्ष गेले, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

पाऊस कमी असणे ही एक गोष्ट आणि पडलेला पाऊस न टिकणे ही दुसरी. उघड्याबोडक्या खडकाळ उतारावरून सरीचे पाणी तासा-दोन तासांत ओढ्याला जाते व सोबत मातीही नेते. माणदेशातील नदीनाले वर्षाचे बहुतेक महिने वाळूचे पट्टे म्हणूनच दिसतात. माण नदी सीतामाईच्या डोंगरात, कुळकजाईजवळ उगम पावते. त्याच डोंगरातून निघालेली बाणगंगा उत्तरेला फलटणकडे नीरेच्या खोऱ्यात जाते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा माणचा सारा प्रवास दुष्काळी तालुक्यांतून होतो.

कालव्याची रेषा

शतकापूर्वी डोंगराच्या उत्तर व दक्षिण बाजूंत आजच्याइतका फरक नव्हता. माळशिरस हाही दुष्काळी तालुका होता. नीरा नदी जवळून वाहत असली तरी ती खोल पात्रातून जाते आणि उन्हाळ्यात आटत असे. चित्र बदलले ते भोर संस्थानातील भाटघर येथे, नीरेच्या वेळवंडी या उपनदीवर बांधलेल्या धरणामुळे. तेथील पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. त्याच्या पाण्यावर नीरा डावा कालवा निघाला व बारामती-इंदापूरचा भाग भिजू लागला. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाचे अधिक उंच धरण पुरे झाले आणि वीर येथून निघणाऱ्या नीरा उजव्या कालव्याला भरवशाचे पाणी मिळाले. हा कालवा खंडाळा, फलटण, माळशिरस व पंढरपूर तालुक्यांतून, महादेवाच्या डोंगराच्या पायथ्यापासून काही अंतर राखत पूर्वेकडे जातो.

कालव्यातील पाणी उताराने वाहते, त्यामुळे त्याची रेषा समउंचीच्या रेषेला धरून असते. रेषेच्या खालच्या, म्हणजे नदीकडच्या अंगाला पाणी मिळते. वरच्या अंगाला, म्हणजे डोंगराकडे, ते आपोआप चढत नाही. माळशिरस तालुक्याचे दोन तुकडे झाले ते या साध्या नियमामुळे.

खालच्या अंगाला ऊस आला. नीरेच्या कालव्यांवर बागायत करण्यासाठी सासवड परिसरातील माळी शेतकरी खंडाने जमिनी घेऊन या बाजूला आले होते. त्यांनी आधी ऊस व गूळ केला. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसून देशी साखरधंद्याला आधार मिळाला, त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या भांडवलावर दि सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली. तिच्याभोवती माळीनगर उभे राहिले. सहकारी साखर कारखान्यांचे युग सुरू होण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी स्वतः मालक होऊन चालवलेला कारखाना म्हणून माळीनगरचे नाव महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात घेतले जाते. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना माळशिरस तालुक्यातच श्रीपूर येथे उभारला. श्रीपूर शिखरापासून पूर्वेला सुमारे ४० ते ५० किमीवर, नीरेच्या खोऱ्यात आहे. आज महाळुंग व श्रीपूर मिळून एक नगरपंचायत आहे. स्वातंत्र्यानंतर अकलूज व सदाशिवनगर येथे सहकारी कारखाने झाले. एका तालुक्यात इतके साखर कारखाने असावेत हे कालव्याशिवाय शक्य नव्हते.

रेषेच्या वरच्या अंगाला, कोथळ्यापासून पिलीवपर्यंत डोंगराच्या पायथ्याची गावे मात्र विहिरी, पाझर तलाव आणि पावसावर राहिली. एकाच तालुक्यात, दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात, एका टोकाला उसाची तोड चालू असते आणि दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. डोंगरापलीकडच्या माण तालुक्याला तर नीरेचा कालवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तेथून उसाच्या हंगामात तोडणीला जाणाऱ्या मजुरांच्या बैलगाड्या हाच घाट उतरून नीरेच्या खोऱ्यात येत. आता त्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘अवर्षणप्रवण प्रदेश’ असा एकच रंग या साऱ्या भागाला दिलेला असतो. तो वरकरणी खरा असला तरी त्यात ही रेषा दिसत नाही.

इतिहास

डोंगरावरील देवस्थान यादवकाळाइतके तरी जुने असल्याचे मंदिरांच्या बांधणीवरून दिसते. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरचा श्रीशंभू महादेव या ग्रंथात या दैवताचे मूळ दक्षिणेत, श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या उपासनेत शोधले आहे. यादवकाळात कर्नाटकातील सोरटूरकडून आलेल्या बळियप्पा या गवळी राजपुरुषाने हे स्थान स्थापले, आणि भोसले घराण्याचा वंश त्याच्याशी जोडलेला आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत सर्व इतिहासकारांनी स्वीकारले असे म्हणता येत नाही. परंतु कर्नाटकातील भक्तांचा येथे असलेला ओघ, दैवतकथांतील गवळी-धनगरांचे स्थान आणि ‘बळी’ हे जवळच्या दुसऱ्या मंदिराचे नाव या गोष्टी एकत्र पाहण्याची दृष्टी या ग्रंथाने दिली, हे त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

भोसल्यांचा संबंध मात्र कागदोपत्री व परंपरेने स्पष्ट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी सुमारे १६०० मध्ये येथे तळे बांधले. परमानंद कवीच्या शिवभारत या संस्कृत काव्यात मालोजीने शंभू महादेवाच्या डोंगरावर मोठे तळे बांधल्याचा उल्लेख आहे. चैत्रातील यात्रेत हजारो लोक तहानेने व्याकूळ होत, ते पाहून मालोजींनी हे काम हाती घेतले, अशी कथा सांगतात. या कामासाठी वेरूळच्या शेतात सापडलेले गुप्तधन वापरले गेले, हा भाग दंतकथेत जमा करावा लागेल. तळ्याचे अस्तित्व मात्र दंतकथा नाही. डोंगरमाथ्याच्या पन्हाळीत बांध घालून पावसाचे पाणी अडवण्याची ही चारशे वर्षांपूर्वीची योजना आहे आणि जागेची निवड आजही अचूक वाटते. या तळ्याला पुष्करतीर्थ म्हणतात. त्याच्या परिसरात भोसले घराण्यातील पुरुषांची स्मृतिस्थाने म्हणून दाखवली जाणारी बांधकामे आहेत.

पुढे अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकर यांनी येथे विहीर बांधली. राजे, सरदार आणि साध्वी राणी यांनी या डोंगरावर दिलेल्या देणग्यांची यादी पाहिली तर देवळाच्या शिखराबरोबरीने पाणी साठवण्याची कामे तीत आढळतात. डोंगराची खरी गरज काय आहे, हे त्या काळीही ओळखलेले होते.

डोंगररांगेवर व तिच्या फाट्यांवर वारूगड, संतोषगड (ताथवडा), महिमानगड, वर्धनगड, भूषणगड असे किल्ले आहेत. त्यांचे काम घाटवाटांवर व पूर्वेकडील मोकळ्या मैदानावर नजर ठेवण्याचे. पायथ्याचे फलटण हे नाईक-निंबाळकरांचे. मालोजीराजांची पत्नी व शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई या दोघीही त्याच घराण्यातील. त्यामुळे शिंगणापूर हे भोसले-निंबाळकरांच्या सोयरिकीच्या वाटेवरचेही दैवत होते.

मंदिरे

मुख्य मंदिर शिखराच्या माथ्यावर आहे. गावातून दगडी पायऱ्यांनी वर जावे लागते. वाटेत भव्य कमानी दरवाजे लागतात, त्यांतील एक शेंडगे दरवाजा या नावाने ओळखला जातो. मंदिराचा पाया व मंडप दगडी, हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे आहेत. त्यावरचे उंच, मूर्तींनी भरलेले शिखर नंतरच्या जीर्णोद्धारातील असून त्यावर दक्षिणी शैलीची छाप आहे. आवारात दगडी दीपमाळा व नंदी आहेत. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत. ती शिव आणि शक्ती यांची मानली जातात. शिवमंदिरात एकाच गाभाऱ्यात अशी जोडी असणे नेहमीचे नाही, आणि चैत्रातील यात्रा ही शिवपार्वतीच्या विवाहाची का, याचे उत्तर या जोडीत आहे.

मुख्य मंदिरापासून थोड्या अंतरावर अमृतेश्वराचे, म्हणजे बळीचे मंदिर आहे. ते आकाराने लहान, पण कोरीव खांबांच्या दृष्टीने अधिक जुने व देखणे आहे. घाईत असलेले यात्रेकरू ते चुकवतात.

चैत्र यात्रा आणि कावडी

यात्रा चैत्र शुद्ध पक्षात भरते. पंचमीला देवाला हळद लागते आणि अष्टमीला विवाह होतो. विवाहाच्या वेळी मुख्य मंदिराचे शिखर व बळीच्या मंदिराचे शिखर यांना जोडणारे लांबच लांब पांढरे पागोटे बांधले जाते. नवरदेवाच्या मंदिलाच्या कल्पनेतून आलेला हा विधी पाहण्यासाठी दोन्ही देवळांमधील उतार माणसांनी भरून जातो. एकादशी व द्वादशी हे यात्रेचे मुख्य दिवस. याच सुमारास खाली पंढरपुरात चैत्री वारी असते, त्यामुळे नीरा-भीमेच्या खोऱ्यातील रस्त्यांवर एकाच वेळी भगव्या पताका आणि कावडी दोन्ही दिसतात.

कावड म्हणजे आडव्या दांड्याला दोन्ही टोकांस पाण्याचे कलश बांधून खांद्यावर वाहण्याचे साधन. शिखराच्या कावडी साध्या नसतात. उंच काठ्या, रंगीत कापड, झुली व घुंगरांनी सजवलेल्या अशा काही कावडी इतक्या जड असतात की त्या पेलायला अनेक माणसे लागतात. गावोगावच्या नद्यांचे पाणी घेऊन त्या कित्येक दिवस पायी चालत येतात. सर्वांत मान सासवडच्या भुतोजी तेली यांच्या कावडीला आहे. ‘तेल्या भुत्याची कावड’ असे तिचे प्रचलित नाव. ‘भुत्या’ हे देवीच्या भुत्याशी मिळतेजुळते नाव असले तरी येथे ते भुतोजी या भक्ताच्या नावावरून आले आहे. सासवड कऱ्हेच्या काठी आहे. तेथून निघालेली कावड कऱ्हा व नीरा या दोन्ही खोऱ्यांतून येऊन द्वादशीला कोथळ्याच्या बाजूने डोंगराला भिडते. माळीनगरचा ऊस ज्या सासवडकरांनी लावला, त्यांच्याच गावची ही कावड आहे, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. सासवडच्या माणसांना हा मुलूख कालव्याच्या आधीपासून पायाखालचा होता.

मुंगी घाटाचा चढ हा यात्रेचा कळस. वाट अशी नाहीच. उभ्या खडकावर पाय ठेवायला जेमतेम जागा असते. कावडीला दोर लावून वरची माणसे ओढतात, खालची खांदा देतात, मधली एकमेकांच्या हातांची साखळी करून तिला तोलून धरतात. हर हर महादेवचा घोष आणि हलगी-ढोलांचा आवाज यांत सूचना ऐकू येत नाहीत, म्हणून सारे काम हातांच्या खुणांवर चालते. दुपारचे चैत्री ऊन आणि तापलेला काळा पाषाण यांमुळे हा चढ धोक्याचाही आहे. मुंग्यांच्या रांगेसारखी माणसे कड्याला चिकटलेली दिसतात म्हणून मुंगी घाट, असे लोक सांगतात. डांबरी रस्ता होऊन अनेक दशके लोटली तरी मानाच्या कावडी याच घाटाने जातात.

वर पोहोचल्यावर कावडींचे पाणी देवाला घातले जाते. कालवा ज्या उंचीला चढू शकत नाही, तेथे वर्षातून एकदा पाणी माणसांच्या खांद्यावरून चढते. या मार्गावरील बहुतेक गावांना स्वतःलाच चैत्रात पाण्याची ओढ असते.

लोकजीवन, पशुधन आणि साहित्य

डोंगराच्या दक्षिणेचा माणदेश हा धनगर मेंढपाळांचा मुलूख. पावसाळ्यात माळावर कुसळी व इतर गवते वाढतात. ते संपले की मेंढ्यांचे कळप कोकणाच्या किंवा बागायती पट्ट्याच्या दिशेने निघतात. उसाच्या पट्ट्यात शेतात मेंढ्या बसवून खत घ्यायचे व बदल्यात धान्य-पैसा द्यायचा, हा जुना व्यवहार अद्याप पुरता मोडलेला नाही. खिलार ही काटक, पांढऱ्या रंगाची बैलांची जात याच आटपाडी-माण-सांगोला-जत टापूतील. खरसुंडीच्या यात्रेतील खिलार जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. कमी चाऱ्यावर तग धरणारे व वेगाने चालणारे हे जनावर या खडकाळ भूमीनेच घडवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

उतारांवर बोर, बाभूळ, हिवर, तरवड, खैर, निवडुंग अशी काटेरी व शुष्क प्रदेशातील झाडे-झुडपे आढळतात. घळींत व देवराईसारख्या राखलेल्या जागी वड, चिंच, करंज. माळरानांवर लांडगा, खोकड, ससा, तसेच चंडोल, माळटिटवी असे पक्षी दिसतात. ‘पडीक’ म्हणून नोंदलेला हा माळ वस्तुतः एक जिवंत गवताळ परिसंस्था आहे. वनीकरणाच्या नावाखाली त्यावर सरसकट खड्डे काढून झाडे लावणे नेहमीच हिताचे ठरत नाही.

या भूमीला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले ते आटपाडीजवळच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी. त्यांचा माणदेशी माणसं (१९४९) हा व्यक्तिचित्रांचा संग्रह व बनगरवाडी (१९५५) ही कादंबरी यांतून माणदेशची माणसे, मेंढरे आणि दुष्काळ वाचकांना प्रथमच इतक्या जवळून दिसले.

दुष्काळ व जलसंधारण

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर ब्रिटिश अमदानीत म्हसवडजवळ राजेवाडीचा मोठा तलाव झाला. १९७२ च्या दुष्काळात या भागातील हजारो लोक खडी फोडण्याच्या व तलावांच्या कामावर होते. पाझर तलाव, नालाबांध, ताली यांतील पुष्कळशी कामे त्या काळची. रोजगार हमी योजनेला राज्यव्यापी रूप मिळाले ते याच दुष्काळात. २०१२–१३ मध्ये पुन्हा तीव्र टंचाई आली. तेव्हा म्हसवड येथील चारा छावणीत माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने राहिली. अशा वर्षी शिंगणापूरचे तळेही कोरडे पडते.

अलीकडच्या काळात दोन प्रकारचे प्रयत्न झाले. पहिला, बाहेरचे पाणी उचलून आणण्याचा. उरमोडी योजना व जिहे-कठापूर (गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार) उपसा सिंचन योजना यांद्वारे कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी जलविभाजक ओलांडून खटाव-माणमध्ये आणले जात आहे. टेंभू योजनेचे पाणी आटपाडी-सांगोल्याकडे जाते. माळशिरसच्या दक्षिणेकडील कोरड्या गावांसाठी नीरा-देवघरच्या पाण्याची मागणी दीर्घकाळ चालू आहे, आणि तालुक्याच्या राजकारणात तो निवडणुकीगणिक येणारा विषय आहे. दुसरा प्रयत्न जागच्या जागी पाणी अडवण्याचा. समपातळी चर, दगडी बांध व शेततळी यांची श्रमदानाने कामे झाली. पानी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडी हे गाव राज्यात पहिले आले. उपसा योजनांचे पाणी वीजबिलावर व वरच्या धरणांतील साठ्यावर अवलंबून असते, तर चरांत मुरलेले पाणी पावसावर. सलग दोन वर्षे पाऊस चुकला की दुसरा मार्ग एकटा पुरत नाही, आणि पाणी आले म्हणून सर्वांनी ऊसच लावला तर पहिलाही पुरत नाही. डाळिंब, बोर यांसारख्या कमी पाण्याच्या फळबागांकडे वळलेले शेतकरी या भागात आहेत, ते या दोन्ही मर्यादा ओळखून.

वाहतूक

फलटणपासून शिंगणापूर सुमारे ३७ किमी, तर नातेपुत्यापासून सुमारे २० किमी अंतरावर आहे. दहिवडीकडूनही रस्ता आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग डोंगराच्या उत्तर पायथ्यालगत धर्मपुरी, नातेपुते, माळशिरस असा जातो, तर तुकाराम महाराजांची पालखी अकलूज-माळीनगरवरून जाते. अकलूज किंवा श्रीपूरकडून येणाऱ्यांना नातेपुतेमार्गे घाट चढणे सोयीचे पडते. यात्रेच्या दिवसांत राज्य परिवहन मंडळाच्या जादा गाड्या सुटतात. डोंगर पाहण्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीचा व हिवाळ्याचा काळ चांगला. मुंगी घाटाची वाट यात्रेखेरीज एरवी माहीतगार सोबत असल्याशिवाय चढू नये, कारण सुटलेल्या दगडांमुळे ती दरवर्षी थोडी बदलते.